टेबलाची खालची बाजू

मी जन्मभर पुष्कळ थापा मारल्या. मखमलाबादच्या पारावरचा कुणीही माणूस हे शपथेवर सांगेल, आणि माझी बायको शपथ न घेता सांगेल. पण मारल्या त्या तोंडी. पितळेच्या पाटीवर कोरून, वर दिवा लावून, चार कोपऱ्यांना चार स्क्रू पिळून थाप मारायची माझी छाती कधी झाली नाही. ती छाती गंगापूर धरणाच्या काठावर नवं रिसॉर्ट काढलेल्या एका शहाण्याची झाली.

परवा तिथं माझ्या पुतणीचा, प्राजक्ताचा, साखरपुडा होता. आमच्या दादाची ही एकुलती एक मुलगी, त्यामुळं दादानं हात सैल सोडलेला. हिरवळ, कारंजं, धरणाच्या पाण्यावरून येणारा गार वारा, आणि दाराशी स्वागताला एक टेबल. त्यावर द्राक्षांचा डोंगर, आणि डोंगराच्या चहूबाजूंनी सरबताचे प्याले. टेबल म्हणजे जुन्या गढीचा दरवाजा आडवा टाकून त्याला पाय फोडावेत तसं. लाकूड वीतभर जाड. त्याच्या अंगावर ती पाटी: ‘पोर्तुगीज कप्तानाचे भोजनाचे मेज. चारशे वर्षे जुने. कृपया हात लावू नये.’

मी हात लावला.

डाव्या कडेला, काठापासून थोडं आत, लाकडात एक खळगा आहे. तळहाताएवढा, लांबट, पाणी ओतलं तर वाटीभर मावेल असा. त्यात सुरीचे बारीक चरे आहेत, हजारो, आणि सगळे उलट्या अंगाला कललेले. उजव्या हातानं चिरणाऱ्या माणसाचे चरे तसे पडत नाहीत. ते डावखुऱ्याचे. मी डावखुरा आहे. माझा पंजा त्या खळग्यात असा बसला, जसा स्वतःच्या जुन्या चपलेत अंधारातही पाय बसतो.

अंगाची लाहीलाही झाली हो! चारशे वर्षं? कप्तान? कप्तानानं या टेबलाला आयुष्यात बोटही लावलं नाही. कप्तान वर झुंबराखाली जेवायचा. हे टेबल खाली होतं, पाण्याच्या रेषेच्याही खाली, भाजीच्या खोलीत. यावर मी सतरा वर्षं कांदा चिरला. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात दहा वर्षांत जेवढा कांदा येतो तेवढा. बरं, पाच वर्षांत येतो तेवढा.

आता माझा राग नुसता पाटीवर नव्हता, हेही सांगून टाकतो. हे टेबल म्हणजे माझ्याकडं नसलेला एकमेव साक्षीदार होता. आबा, म्हणजे आमचे वडील, वारले तेव्हा मी घरी आलो नाही, आणि त्या दिवसापासून दादा माझ्याशी कामापुरतं बोलतो. कारण माझं खलाशाचं सरकारी पुस्तक. आम्ही त्याला सीडीसी म्हणतो. त्यात चार जहाजांची नावं आहेत, आणि आबा गेले त्याच आठवड्यात शिक्का आहे: अमुक जहाजावरून उतरला. त्याच्याखाली, त्याच तारखेचा दुसरा शिक्का: तमुक जहाजावर चढला. दादानं ते पुस्तक एकदाच पाहिलं आणि मिटून माझ्या हातात दिलं. “उतरला होता ना तू? मोकळा होता ना? मग घरी यायचं सोडून दुसऱ्या जहाजावर चढला?”

दादा, ती चार जहाजं नव्हती रे. एकच होतं. हे मी पंधरा वर्षं सांगतो आहे. पण सांगणारा मी. आमच्या गावात माझ्या तोंडून आलेली गोष्ट लोक निम्मी करून ऐकतात, आणि दादा तर सगळीच सोडून देतो. प्राजक्तानं मोबाइलवर शोधून जहाजाची जुनी नावं दाखवली, तर म्हणाला, “नेटवर काय, तिथं सगळे ह्याच्यासारखेच लिहिणारे बसलेत.”

खळग्यात हात ठेवून मी उभा होतो, आणि नाकात पाटाच्या पाण्याचा वास शिरला. समोरच्या धरणातूनच तो पाट निघतो आणि आमच्या मळ्याच्या कडेनं जातो. लहानपणी पहाटे आम्ही दोघं भाऊ त्यात कमरेइतके उभे राहून कोथिंबीर धुवायचो. थंडीच्या दिवसांत पाण्यावर वाफ धरलेली असायची आणि जुडी पाण्यात बुडवली की तिचा वास हिरवा होऊन वर यायचा. आबा काठावर बसून केळीच्या सोपटानं जुड्या बांधायचे. तेही डावखुरे. त्यांची गाठ बाजारात लांबून ओळखू यायची; पंचवटीतली एक म्हातारी भाजीवाली म्हणायची, “उलट्या गाठीची मेथी द्या.” दादा उजवा. तो बाजारात गेला की टोमॅटोची वरची रांग कधी बघायचा नाही. जाळी उलटी करून खालचा थर बघायचा. व्यापारी वैतागायचे, पण दादाची ती सवय आजपर्यंत सुटलेली नाही. वरून चांगलं दिसतं त्यावर त्याचा विश्वासच नाही.

मळ्यातून मी जहाजावर कसा गेलो ते सोडा. गेलो.

पहिल्या मालकाच्या वेळी जहाजाचं नाव ‘इंग्रिड’. थंड देशातली कुणी म्हातारी विधवा मालकीण होती. वर्षातून एकदा ती जहाजावर यायची, पहिल्या वर्गाच्या पाहुण्यांना सोडून थेट खाली उतरायची, आणि भाजीच्या खोलीतल्या प्रत्येकाशी हात मिळवायची. माझा हात कांद्यानं चिकट. तिला फरक पडायचा नाही. तिचा हात लोकरीचा आणि साबणाचा वास ठेवून जायचा, दोन दिवस. त्या काळात इंजिनाचा आवाज असा यायचा की शेजारच्या गोठ्यात म्हैस रवंथ करते आहे. पहाटे पावाची भट्टी पेटली की तो वास जिन्यानं उतरून आमच्यापर्यंत यायचा. डिझेल, ब्लीच आणि गरम पाव. आजही मला बेकरीसमोर उभं केलं तर पायाखालची जमीन हलते.

आणि हे टेबल. दहा माणसांना हललं नसतं. जहाज बांधताना आधी टेबल ठेवलं आणि त्याच्याभोवती जहाज उभारलं, असं मी गावात सांगत असे. मला ते अजूनही खरंच वाटतं.

पहिला दसरा आला तेव्हा माझा जीव कासावीस झाला. घरी त्या दिवशी विळे, कोयते, नांगर, फवारणीचा पंपसुद्धा धुऊन-पुसून मांडायचे आणि आबा त्यांना हळद-कुंकू लावायचे. अवजाराला वर्षातून एक दिवस विचारायचं नाही तर मग त्यानं बाकीचे दिवस आपल्याला का विचारावं? इथं माझं अवजार म्हणजे सुरी आणि टेबल. पण जहाजावर स्वच्छतेचा धाक असा, की टेबलावर डाग दिसला तर माणूस घरी. तेव्हा मी तोडगा काढला. जेवणाची वेळ उरकल्यावर गॅरेजातल्या मिस्तरीसारखा पाठीवर झोपून टेबलाखाली सरकलो, आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचं एक बोट खालच्या फळीला लावलं. देवाला काय, खालूनही दिसतं.

झेंडू नव्हता, म्हणून गाजराचे कोरले. इतके हुबेहूब, की दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर मधमाशी बसली. भर समुद्रात. आपट्याची पानं नव्हती, म्हणून मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र सोनं म्हणून वाटलं. फिलिपिनो भांडीवाले, गोव्याचा रंगारी पेद्रू, पोलंडचा कसाई, सगळ्यांनी ते खिशात घातलं आणि मला मिठी मारली. कसायाचे कपडे आठवडाभर बिर्याणीसारखे घमघमत होते.

त्यानंतर दर दसऱ्याला एक बोट. आधीच्या बोटाच्या शेजारी, चार बोटं जागा सोडून. सुट्टी मी कायम जानेवारीत घ्यायचो, द्राक्षाच्या हंगामात घरी हात लागावा म्हणून, त्यामुळं दसरा कायम जहाजावरच. माझ्या आयुष्यात मी नियमानं केलेली ही एकच गोष्ट असेल.

मग म्हातारी गेली. तिच्या पोरांना जहाज नको होतं. एका सकाळी पेद्रू जहाजाच्या पार्श्वभागी दोरीच्या फळीवर बसून ‘इंग्रिड’ला पांढरा रंग फासायला लागला. मी वरून ओरडलो, “अरे, निदान खरवडून तरी काढ!”

“नाय रे बाबा,” तो म्हणाला, “अक्षरां लोखंडाचीं आसत. जोडलेलीं. खरवडून जायनात. फकत झांकप.” पुढं जहाज मोडेपर्यंत मी त्याचं नाव उन्हात तिरकं बघत आलो. संध्याकाळचं ऊन आडवं पडलं की नव्या नावाच्या रंगाखालून जुनी अक्षरं फुगून दिसायची. कुणी गोधडीखाली झोपलेलं असावं तशी.

दुसऱ्या मालकाचं नाव ‘बेला मरीना’. दुनियेतला सगळा गोंगाट त्यानं विकत आणून जहाजावर भरला. वाचनालयाचं डिस्को झालं, तिथली पुस्तकं कुठं गेली देव जाणे. प्रवासी दुप्पट, भांडीवाले तेवढेच. त्याच्याच काळात स्वच्छतेचा तो इन्स्पेक्टर चढला. हातात बॅटरी, पायात रबरी बूट, आणि सवय आमच्या दादासारखी. वरचं काही न बघता तो थेट टेबलाखाली वाकला. लाल डाग! ओळीनं! गडी किंचाळलाच. “रक्त!” पाचव्या मिनिटाला स्वयंपाकघर बंद, आठशे माणसांचं दुपारचं जेवण अडकलेलं, मुख्य शेफ कपाळाला हात लावून पिंपावर बसलेला. मी पुढं झालो. माझं इंग्रजी मळ्यातलं. म्हणालो, रक्त नाही साहेब, टेबलाची पूजा आहे.

“टेबलाची? का?”

“काम करतं म्हणून.”

मग एक ठिपका नखानं खरवडून त्यानं वास घेतला, आणि म्हणाला, “मी वीस वर्षं काम करतो आहे, माझी पूजा कुणी केली नाही.” अहवालात त्यानं लिहिलं, ‘टेबलाला धर्म आहे, संसर्ग नाही.’ हे वाक्य मी घातलेलं नाही. मी कुठं काय घातलं ते मी पुढं सांगणार आहे.

पण लाकूड चालणार नाही, हे त्यानं ठणकावलं. मालकानं टेबलावर स्टीलचा पत्रा ठोकला. झालं! माझा खळगा पत्र्याखाली गेला. त्या जागी सुरी पडली की ‘ढब’ वाजायचं, बाकी सगळीकडं ‘टक’. टक टक टक ढब. डोळे मिटून मला कळायचं मी कुठं आहे. आणि प्रत्येक मालकाची एक खोड ठरलेली: आला की आधी जहाजावरच्या प्रत्येक वस्तूला आपलं आणि जहाजाचं नाव डकवायचं. म्हातारीची पितळेची पट्टी होती, नीट कोरलेली. याची अॅल्युमिनियमची. ती त्यानं जुन्या पट्टीशेजारी, टेबलाच्या खालच्या बाजूलाच ठोकली, माझ्या कुंकवाच्या ओळीच्या वरच्या अंगाला. जुनी काढायचे कष्ट कोण घेणार? खालचं कोण बघतं?

मग श्रावणात जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं. पुन्हा विक्री. पुन्हा पेद्रू फळीवर. तीन दिवस जहाजाला जुनं नाव नव्हतं आणि नवं अजून आलेलं नव्हतं. जुना झेंडा उतरलेला, नवा कुठल्या तरी कचेरीत अडकलेला. त्या तीन दिवसांतल्या मधल्या दिवशी रेडिओच्या खोलीतून माझ्या नावाची चिठ्ठी आली. आबा गेले.

मी जुन्या कॅप्टनकडं गेलो. तो बॅग भरत होता. म्हणाला, “मी आता इथला कुणी नाही.” नव्या कॅप्टनकडं गेलो. तो म्हणाला, “मी अजून इथला कुणी नाही.” किनारा समोर दिसत होता हो! रस्त्यावरून चालणाऱ्या गाड्या दिसत होत्या. पण नाव नसलेल्या जहाजावरून उतरायच्या कागदावर सही कुणी करायची? तिसऱ्या दिवशी एक कारकून होडीतून आला, टेबल मांडून बसला, आणि आमच्या सगळ्यांच्या पुस्तकांत धडाधड दोन शिक्के मारले. उतरला. चढला. मी बसल्या खुर्चीवरून उठलोही नव्हतो. अजून आठवलं की माझ्या मुठी वळतात. माणसाच्या बापाच्या मरणापेक्षा जहाजाचं बारसं मोठं!

एका फिलिपिनो न्हाव्यानं माझं डोकं भादरलं. दहाव्या दिवशी मी भाताचा पिंड करून सगळ्यात वरच्या डेकवर ठेवला. कावळा कुठला आणायचा? बराच वेळ काही येईना. मी म्हणालो, आबा, दादाला माझ्याकडून काही कमी पडणार नाही. तेव्हा एक पांढरा समुद्रपक्षी उतरला, भाताला शिवला आणि गेला.

एवढंच झालं होतं. पण जानेवारीत घरी आल्यावर, सगळे जमलेले असताना, मला ते एवढंच सांगता आलं नाही. जीभच तशी. मी सांगितलं की पक्षी उतरला आणि भात बशीसकट उचलून क्षितिजापर्यंत घेऊन गेला. ओसरीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. दादा उठला. “बापाच्या पिंडाची पण गंमत केली,” एवढंच म्हणाला, आणि मळ्यात निघून गेला. बशी मी घातली होती. त्या बशीनं माझा सगळा खरा भात खाल्ला.

तिसऱ्या मालकाचं ‘लकी फिनिक्स’ म्हणजे तरंगता जुगाराचा अड्डा. रोज संध्याकाळी समुद्रात जायचं, सकाळी तिथंच परत. घाण्याला बैल जुंपावा तसं जहाज गोल फिरत होतं. खिडक्यांना आतून काळे कागद, कारण खेळणाऱ्याला उजाडलेलं कळू नये. हा इतका चिकट, की त्यानं टेबलावरचा स्टीलचा पत्रासुद्धा उपटून भंगारात विकला. त्याचे आभार, माझा खळगा मला परत मिळाला. त्याचं लाल प्लास्टिकचं लेबल खाली चिकटलं. शेवटचा मालक आपल्याकडचा, जहाजाचं नाव ‘सागरराणी’. डेकवर गरबा, पन्नास जातींची लोणची, जैन जेवणाची वेगळी चूल. माझ्या हाताला बटाटा, कांदा, लसूण वर्ज्य असलेली माणसं पहिल्यांदा भेटली, आणि मी अर्धा बेकार झालो. त्याचं लेबल काळ्या रेघांचं. तोही थकला. जहाज गुजरातच्या किनाऱ्यावर भरतीला चिखलात चढवलं, आणि मोडलं. असं म्हणतात की मोडताना त्याच्या बुडावरचा रंग थरांनी सुटला आणि चारही नावं एकाखाली एक निघाली. मी बघायला गेलो नाही.

तर असं ते टेबल भंगारवाल्यांच्या हातून फिरत फिरत आमच्याच धरणाच्या काठी आलं होतं, आणि ज्यानं कधी मेथीची काडी मोडली नाही अशा कप्तानाच्या नावावर चढलं होतं.

मी नव्या पांढऱ्या सदऱ्यानिशी टेबलाखाली शिरलो.

वर गलका झाला. बायकोच्या पैंजणांचे पाय धावत आले. “अहो! काय करताय? व्याही आलेत दाराशी!” मग वहिनींचा आवाज: “भाऊजी, काही पडलं का तुमचं?” मग प्राजक्ता हसली, “काका, सरबत वर आहे.” आणि मग दादाचे जोडे येऊन थांबले. वाकून त्यानं माझा पाय धरला आणि ओढला.

“ऊठ. आज तरी शोभा नको करू.”

“दादा, हे माझं टेबल हे. त्या जहाजावरचं.”

“कोणत्या? चार होते ना तुझे.”

एरवी मी दहा गोष्टी सांगितल्या असत्या. पण त्या क्षणी मला आमच्या मळ्यातल्या टोमॅटोच्या जाळ्या आठवल्या. मी म्हणालो, “तू वरची रांग कधी बघत नाय ना? मग माझं पण वरचं नको ऐकू. खालून बघ.”

मग दादानं उपरणं वहिनींच्या हातात दिलं, गुडघे मोडत मोडत खाली बसला, आणि पासष्ट वर्षांचा तो माणूस, मुलीच्या साखरपुड्याला, माझ्या शेजारी पाठीवर आडवा झाला. मोबाइलचा दिवा लावला. मला त्याच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. इतक्या जवळ आम्ही पाटाच्या काठानंतर आलो नव्हतो.

तो एकेक पट्टी वाचत गेला. हळू, सात-बारा वाचावा तसा. पितळेची. अॅल्युमिनियमची. लाल. काळ्या रेघांची. पुन्हा पहिल्यापासून वाचली. नखानं पितळेची पट्टी हलवून बघितली. हलली नाही.

“एका टेबलाला चौघं मालक.”

“टेबलाला नाय. जहाजाला.”

दिवा पुढं सरकला. “हे लाल काय हे?”

“दसरा. दरसालचं एक.”

दादा बोट लावून मोजायला लागला. कुंकू काळपट झालेलं, पण तेलानं लाकडात मुरलेलं, एकही गेलेलं नव्हतं. “सोळा,” तो म्हणाला. “तू तर सतरा वर्षं म्हणतो.”

सतराच होती. ही एक गोष्ट मी कधी फुगवली नव्हती. इथंही मी खोटा पडायचा होतो का? मी मनात वर्षं मोजायला लागलो आणि मला एकही आठवेना.

“थांब,” दादा म्हणाला. “दोन ठिपक्यांत सगळीकडं चार बोटं अंतर हे. इथं आठ हे. इथली जागा सुटली.” त्याचं बोट रिकाम्या लाकडावर टेकलं होतं. “ह्या वर्षी काय झालं होतं?”

शपथेवर सांगतो, मी स्वतःच विसरलो होतो. ते बोट तिथून हललं नाही, आणि त्यानंच ते साल ओळखलं. माझ्या दंडाला टेकलेला त्याचा दंड ताठ झाला, त्यावरून मला कळलं.

“आबा गेले ते साल. वर्षाच्या आत सण नसतो ना, दादा,” मी म्हणालो.

डोक्यावर कुणीतरी प्याले उचलत होतं. लाकडातून बारीक किणकिण येत होती.

“मी पण नव्हता केला,” दादा म्हणाला. “विळे-कोयते तसेच टांगलेले होते.” मग, “पक्षी खरंच आला होता?”

“आला होता.”

“आणि बशी?”

“बशी मी घातली.”

“मला वाटलंच,” तो म्हणाला, आणि अंधारात त्याचं पोट हलायला लागलं. हसत होता की रडत होता ते मला दिसलं नाही. दिवा त्यानं बंद केला होता.

तेवढ्यात काळ्या कोटातला मॅनेजर वाकला. “सर, प्लीज बाहेर या. हे चारशे वर्षं जुनं आहे. पोर्तुगीज कप्तानाचं.”

दादा टेबलाखालून असा बाहेर आला की द्राक्षांचा डोंगर ढासळला. आमचा दादा, ज्यानं आयुष्यात आवाज चढवला नाही, ज्यानं सव्वाला कधी दीड म्हटलं नाही. “कोण पोर्तुगीज?” तो गरजला. “माझ्या भावाचं टेबल हे हे! पंचवीस वर्षं ह्याच्यावर भाजी चिरली त्यानं! बाप वारला तेव्हा नाव नसलेल्या जहाजात कोंडून ठेवला होता त्याला, तरी डोकं भादरलं, पिंड दिला! पाटी काढ आधी!”

व्याही पुढं आले. त्यांना सांगताना पंचवीसची तीस वर्षं झाली. रोज दहा हजारांची पंगत उठायची. आणि पक्षी आला तो गरुडाएवढा.

सतरा वर्षं. माणसं आठशे. पक्षी कबुतराएवढा असेल नसेल. मी एकही दुरुस्ती केली नाही. दादाच्या पांढऱ्या सदऱ्याला मागून धूळ लागली होती, ती मी डाव्या हातानं झटकत राहिलो.